चिमणीची पाहुणी

‘‘हिच्याकडे बघून तरी शीक जरा,’’ सासूबाई लेकीला म्हणाल्या. ‘‘नुसतं चालून चालून निम्मी झाली. मनात आणलं की होतं माणसाला.’’

नणंदेनं पुन्हा वाढून घ्यायला उचललेला डाव मुकाट्यानं खाली ठेवला. तसं सगळं घरच अंगानं भरलेलं, पण टोमणे मात्र लेकीच्याच वाट्याला. सुनेनं मान खाली घातली. तिच्या वाटीत तळाला थोडंसं सूप उरलं होतं आणि तेवढंही तिला जात नव्हतं.

चालणंबिलणं सगळी शुद्ध थाप होती. दीड वर्षापूर्वी तिनं पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. घरी सांगितलं, पित्ताशयात खडे झालेत. पोटावरची बारीक भोकं दोन्ही ऑपरेशनांत सारखीच, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. नवरा तेवढा सामील होता, आणि तो बिचारा हूं की चूं करणाऱ्यातला नव्हता. लोक म्हणतील, तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं. एवढ्या एका धास्तीपायी तिनं हे सगळं लपवलं. मग वजन उतरू लागलं, जो तो विचारू लागला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘रोज चालते.’’

झालं! तेव्हापासून रोज सकाळी बूट घालून बाहेर पडणं आलं. कोपऱ्यावरच्या बागेत जायचं, बाकावर बसायचं आणि फोन उघडायचा. फोनवर तिची पाहुणी वाट बघत असायची.

हॉस्पिटलची ती पद्धतच होती. ऑपरेशन झालेल्या बाईनं नव्या बाईला सोबत करायची. बोलणं हॉस्पिटलच्या ॲपवर, तेही टोपणनावानं. नवी बाई आपणहून हॉस्पिटलातल्या बायकांच्या शनिवारच्या बैठकीला येईपर्यंत खरं नाव विचारायचं नाही. सुनेला बैठकीतल्या बायका चिमणी म्हणायच्या, तिचं खाणं बघून. तिथे सगळ्या एकमेकींची यथेच्छ टर उडवायच्या. ‘‘जेवताना पाणी ढोसलंस ना? मग आता बस पोट धरून!’’ त्या खोलीत तिला कधी लाज वाटली नाही. लाज वाटायची ती घरी आल्यावर.

‘पाहुणी’ हे टोपणनाव घेतलेल्या या नव्या बाईला ती सगळं शिकवायची. घास किती चावायचा, गोळ्या आयुष्यभर का घ्यायच्या, गोड पातळ पदार्थ सहज उतरतात म्हणून ते कसे घात करतात. पाहुणीला एकदा सांगितलं की कळायचं. तिचं घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच.

‘‘मला फार लाज वाटते हो,’’ पाहुणीनं एके दिवशी लिहिलं. ‘‘आमच्या घरातली एक जण नुसतं चालून बारीक झालीय. मीही चालून पाहिलं. गुडघे सुजले, बाकी काही नाही. तिच्याकडे बघितलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.’’

‘‘लाजू नका,’’ चिमणीनं रोजच्यासारखं लिहिलं. ‘‘हा आजार आहे, आळस नव्हे.’’

लिहिलं आणि तिनं पाहुणीचा निरोप पुन्हा एकदा वाचला. महिन्यापूर्वी नणंदेनं नवे बूट आणले होते. आठवडाभर चालली आणि लंगडत परत आली. घरात अजून मलमाचा वास येत होता. हल्ली ती फोन घेऊन खोलीचं दार लावून बसायची. मंगळवारपासून ऑफिसच्या कामाला बाहेरगावी जाणार म्हणाली होती, आणि पाहुणीचं ऑपरेशनही मंगळवारीच होतं.

सुनेला जेवण गोड लागेना. नणंद समोर आली की ती नजर चुकवायची. आपल्या एका थापेनं ही रोज बोलणी खातेय, आणि आपणच तिला सकाळी शहाणपण शिकवतोय! तिला स्वतःची किळस आली. दोनदा सांगायला म्हणून ती नणंदेच्या दारापर्यंत गेली, दोनदा परत फिरली.

सोमवारी सकाळी बाकावर बसल्या बसल्या निरोप आला.

‘‘मी रद्द करतेय. आता फोन करून सांगते. डॉक्टर म्हणतात, साखर हाताबाहेर गेलीय, हृदय फार दिवस साथ देणार नाही. न देवो. लोक आपल्या हिमतीवर करून दाखवतात आणि मी पोट कापून घेऊ? घरात तोंड कसं दाखवू?’’

सून उठली आणि दीड वर्षात पहिल्यांदा खरोखर पळाली.

घरी सगळे चहाला बसले होते. तिचा चेहरा बघून नवरा काय ते समजला आणि त्यानं घाईघाईनं नको नको अशी मान हलवली. तिनं तिकडे लक्षच दिलं नाही. ती नणंदेपुढे जाऊन उभी राहिली.

‘‘ताई, मी चालून बारीक झालेली नाही,’’ ती धापा टाकत म्हणाली. ‘‘पित्ताशयाचंही काही नव्हतं. मी पोटाचं ऑपरेशन करून घेतलंय. लाजेनं खोटं बोलले मी सगळ्यांशी. माझ्यामुळे तुम्ही तुमचं ऑपरेशन रद्द करू नका. तुमच्या पाया पडते.’’

नणंद आ वासून बघत राहिली. ‘‘माझं? कसलं ऑपरेशन?’’

‘‘उद्याचं. मी चिमणी. पाहुणी तुम्हीच ना?’’

‘‘कसली चिमणी आणि कसली पाहुणी? अगं, बरं आहे ना तुला?’’ नणंद भावाकडे वळली. ‘‘हिला ताप आलाय का रे?’’

ती नाटक करत नव्हती. सुनेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नको त्या माणसापुढे, सगळ्या घरादेखत, आपल्याच हातानं आपली शोभा करून घेतली होती. आता सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘‘लाजू नका, लाजू नका,’’ सासूबाई कशाबशा म्हणाल्या, ‘‘असं रोज सकाळी मला तूच लिहीत होतीस होय गं?’’