रस्टमध्ये तरबेज

दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं ॲप तिने एकटीने पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलं होतं आणि तीन दवाखान्यांत ते बिनबोभाट चालत होतं. तरी कंपनीतला तिचा पार्टनर हटूनच बसला.

"सगळं नव्याने लिहायचं, रस्ट या भाषेत. माझा मेहुणा त्यात तरबेज आहे. सोमवारपासून येतोय."

"अरे, सगळं नीट चाललंय ना? मग कशाला हा उपद्व्याप? आणि मला रस्टमधलं ओ की ठो कळत नाही!"

"तुला येत नाही म्हणून कंपनीने मागे राहायचं का?"

हे तिला फार झोंबलं. याच कंपनीसाठी तिने चांगली नोकरी सोडली होती. शनिवार-रविवार ती दातओठ खात रस्ट शिकत बसली. नवरा जेवायला हाका मारून थकला.

"त्या मेहुण्यासमोर मी माझं हसं होऊ देणार नाही," ती स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाली.

सोमवारी मेहुणा आला. चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ. पार्टनरने दोघांची ओळख करून दिली आणि त्याला नेमका तेव्हाच कुणाचा तरी फोन आला. तो घाईघाईने बाहेर सटकला.

तिने लॅपटॉप मेहुण्याकडे वळवला आणि ताठ मानेने विचारलं, "बोला, कुठून सुरुवात करायची?"



"तुम्ही म्हणाल तिथून, ताई. रस्ट तुम्हीच शिकवणार आहात, असं दाजी म्हणाले."