दहा सेंटिमीटर

दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत भिंगाचं नाभीय अंतर मोजायचं होतं. सानपाड्यातल्या त्या शाळेत घरत सरांनी परीक्षेआधीच फळ्याच्या कोपऱ्यात उत्तर लिहून ठेवलं होतं: दहा सेंटिमीटर. एकोणचाळीस मुलांनी ते उतरवलं. चाळिसाव्या संघमित्राने मात्र समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची प्रतिमा कागदावर घेतली, पट्टी लावली. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा पंधरा आलं. तिने पंधरा लिहिलं.

"सगळ्यांचं दहा, तुझंच पंधरा? तुझं भिंग काय स्पेशल ऑर्डरचं आहे?"

"सर, तुमी मोजून बघा ना."

"शहाणपणा नको. उत्तरं एकसारखी लागतात."

सरांनी तिचे पाच गुण कापले. अकरावी सायन्सच्या कटऑफसाठी तिला एकेक गुण हवा होता.

मुलं गेल्यावर शिपाई कमळाकर भिंगं गोळा करायला आला. सरांनी त्यातलंच एक उचलून खिडकीसमोर धरलं आणि पट्टी लावली. पंधरा. दुसरं घेतलं. पंधरा.

गुणपत्रक अजून टेबलावरच होतं. सरांनी ते पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवलं.


"कमळाकर, पुढच्या बॅचला फळ्यावर पंधरा लिहून ठेव."