कनवटीचे पिस्तूल

रक्षण हा धर्मच; पण शस्त्र किती जवळ बाळगावे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या देवळाला धमकी आल्यापासून सौमित्र देवळाच्या दाराशी पट्ट्याला मोठे पिस्तूल लावून उभा राही. ते सर्वांना दिसे. आज तिथेच मुलाच्या मुंजीसाठी सोवळे नेसताना पट्टा उतरवावा लागला, तेव्हा त्याने खिशात मावणारे छोटे पिस्तूल गुपचूप कनवटीला खोचले. गायत्री सांगण्यासाठी त्याने बटूला मांडीवर घेतले. “बाबा, टोचतंय. इज दॅट युअर गन?” सौमित्रच्या ओठांवरचा मंत्र थांबला. पत्नी यामिनीने हात पुढे केला. “दे इकडे. लायसन्स माझ्याकडेही आहे. दार मी बघते, तू मंत्र सांग.” पदराखाली पिस्तूल झाकून ती बाहेर गेली. मुलाने गायत्री ऐकली. आईच्या कानी ती पडली नाही. गुरुजींनी दाराकडे अक्षता टाकल्या: “माउली, ते शस्त्र झाकलेलेच राहो.”