राजवाड्याचं कार्ड

राणी असो की राजा, ब्रिटनच्या संसदेत भाषण वाचायला कुणीही उभं राहिलं की म्हातारा खाणकामगार विल्फ टीव्हीसमोर खेकसायचा, "सरकारने लिहून दिलेलं वाचतायत. फुकटचा मुकुट." त्याची बायको ईनिड आवाज वाढवायची. "गप बस, विल्फ. मला ऐकू दे."

लग्नाला साठ वर्षं व्हायला तीन आठवडे उरले असताना ईनिड गेली. साठ वर्षं पुरी झाली त्या सकाळी पोस्टमनने त्यांच्या मुलीच्या, ग्लेनिसच्या, हातात राजाचं अभिनंदनाचं कार्ड ठेवलं. लग्नाला साठ वर्षं झालेल्या जोडप्यांना राजा पाठवतो ते कार्ड आपोआप येत नाही, राजवाड्याकडे अर्ज करावा लागतो. आईनेच गुपचूप केला असणार. बाबांच्या हाती लागलं तर फाडून टाकतील, म्हणून ग्लेनिसने ते ड्रॉवरमध्ये टॉवेलांखाली सरकवलं.

अंत्यविधी उरकल्यापासून विल्फ खिडकीजवळच्या खुर्चीतून फारसा उठला नव्हता. पुढ्यातला चहा निवून गेला होता.

"काय आलं टपालात?"

"काही नाही, बाबा. चष्म्यांची जाहिरात."





"मग अर्जात तिची जन्मतारीख मीच चुकवली असणार," विल्फ म्हणाला.