नवं कोंदण

आईची हिऱ्याची अंगठी मोडून नवं कोंदण करायला दिली, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. तिला हे आवडलं असतं का?

आज सोनारकाकांनी हिरा बसवला, पुसला आणि डोळ्याला भिंग लावून निरखला. मग वर न बघताच हसून म्हणाले, "अगं, त्या तुझ्या मागच्या बाईंना खुर्ची दे. कधीच्या उभ्या आहेत, हिऱ्यात दिसतायत. मान डोलावतायत बघ, अंगठी पसंत पडली वाटतं."

मी गर्रकन वळले. दुकानात आम्ही दोघंच होतो.

जाण्याआधी तीन वर्षं आई अंथरुणाला खिळून होती. माझं मन एकदम हलकं झालं.

"नको काका," मी म्हणाले. "उभीच राहू दे तिला."