तीन गुळगुळीत दिवस

मीरगुलने जूनच्या त्या तीन आकड्यांवरून गाळणी पुन्हा फिरवली. एकशे वीस, एकशे बावीस, एकशे चोवीस. तसूभरही हलले नाहीत.

डोंगरातल्या चौक्यांवर मोजलेली नदीची पातळी ती सकाळपासून संगणकावर चढउतार घालवून सपाट करीत होती. गाळणी प्रत्येक दिवसात त्याचे शेजारी मिसळायची: स्वतःचे दोन वाटे, आदल्या आणि पुढच्या दिवसाचा एकेक. खऱ्या पाण्याचा आकडा या मिसळणीत थोडा तरी सरकतो. हे तिन्ही आकडे न मोजता, शेजाऱ्यांवरून बेतलेले होते.

"काय गं, नदीला इस्त्री झाली का?" साहेबांनी, तालाय बायकेंनी, दारातूनच विचारले. "पाचपर्यंत यादी हवी. तुझ्या रकान्यात ज्या चौकीचे चारांहून जास्त दिवस कोरे, ती बंद. तिथे यंत्र बसेल."

"होतेय, बायके." वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे असेच म्हणत.

ते गेल्यावर तिने त्या तीन आकड्यांच्या चौकीवर फोन लावला. सत्तावीस वर्षे अनारकुल तिथे पाण्याची पट्टी वाचीत होती; मीरगुल तिला एजे, थोरली ताई, म्हणायची.

"एजे, नऊ, दहा, अकरा जूनला तुम्ही नदीवर गेला होतात?"

पलीकडून नदीचे पाणी ऐकू आले.

"बिश्केकात बसून कळलं होय तुला?" अनारकुल थकल्यासारखे हसली. "माझा माणूस गेला, पोरी. अंगणात तंबू घातला, त्याला आत ठेवलं. माती देईपर्यंत तीन दिवस, रीतीप्रमाणे, मी तंबूच्या भिंतीकडे तोंड करून त्याच्यासाठी शोकाची गाणी म्हणत होते. नदी पाठीमागे. ऐकू येत होती, पट्टी दिसत नव्हती. आठला एकशे अठरा होतं; बारा तारखेला जाऊन पाहिलं, तर एकशे सव्वीस. मग मधलं भरून टाकलं."

मीरगुलच्या पेल्यातल्या चहावर साय धरली होती. तिने तो बाजूला सारला.

"राहू देत, एजे. कुणाला कळायचं नाही. अख्ख्या वर्षात इतके नीट दिवस दुसरे नाहीत."

"नीट नव्हते गं ते. पूस."

"ऐका तरी. तीन पुसले की पाच जातात. शेजारचा दिवस नसला की कडेचाही गाळणीत टिकत नाही. पाच कोरे झाले, तर तुमची चौकी..."

"शेजारचं माणूस गेल्यावर काय टिकतं, ते तू मला सांगतेस?"

मीरगुलने ते तीन आकडे निवडले.

"पूस, पोरी."

तिने पुसले. पडद्यावरची निळी रेषा सात जूनपर्यंत आली आणि थांबली. तेराला, जणू काही झालेच नव्हते अशी, पुन्हा सुरू झाली.

फोन बंद करायचे अनारकुल विसरली होती. मीरगुलनेही आपला बंद केला नाही. टेबलावर, कागदांमध्ये, फोनमधले पाणी वाहत राहिले.