स्वयंपाकघरावरची नजर

शालूच्या नवऱ्याने परतूरच्या घरात थेट गॅसच्या वर कॅमेरा ठोकला आणि साहेब नोकरीला संभाजीनगरला निघून गेले. तिचा पदर खांद्यावरून सरकला तरी साहेबांचा फोन यायचा. नवरा कसला, पहारेकरीच! स्वतःच्या स्वयंपाकघरात तिला घास गिळवेना. शेवटी व्हिडिओ बघत, चुकत-माकत तिने माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर फायरवॉल, म्हणजे घरच्या इंटरनेटवर पहारा ठेवणारा प्रोग्राम, बसवली. घरातून इंटरनेटवर काय बाहेर जातं ते पडद्यावर दिसू लागलं. सासू शेजारी येऊन बसली. "ही पळणारी ओळ कशाची गं?" "कॅमेऱ्याची, आत्याबाई. आपलं सगळं ह्यांच्या मोबाईलवर जाऊन राह्यलं." "मीबी दिसते?" "बराबर दिसता." सासूने पदर आवळला. "बंद कर जल्दी!" शालूने कॅमेऱ्याची वाट अडवली. लगेच फोन वाजला, सासूनेच उचलला. "आई, कॅमेरा बंद पडला. शालू कुठंय?" "मुडद्या, बायकोला बघायचं आसंल तर घरी ये!"